दुबलगुंडीतली दुबई

आमच्या भागात इंग्रजीची अक्षरं जरा वेगळ्या उच्चाराने नांदतात. पुण्याकडे 'एल, एम, एन' म्हणतात, आम्ही 'यल, यम, यन' म्हणतो. 'एफ'चा 'यफ' होतो आणि 'एस'चा 'यस'. हा कन्नडचा शेजार. बीदर जिल्ह्यात, हुमनाबादकडच्या दुबलगुंडीत, घरी मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दखनी आणि आजोबांच्या ट्रंकेतले जमिनीचे कागद उर्दूत, एवढ्या गर्दीतून वाट काढत आलेल्या पोराला पाचवीत इंग्रजी भेटायची. तिची अक्षरं अवघी २६. कन्नडच्या ४९ पुढे किरकोळच म्हणायची, पण घाम फोडला तो या २६ जणांनीच. कन्नडमध्ये लिहिलं तसं वाचायचं, उर्दूत लिहिलेलं नसेल तेही वाचायचं आणि इंग्रजीत लिहिलेलं असलं तरी वाचायचं नाही, असा आमचा एकंदर अनुभव. 'नाइफ'च्या दारात उभा असलेला तो 'के' कधी तोंडातून अक्षर काढायचा नाही, पण वहीत तो गाळला की मास्तरांची छडी बोलायची. स्पेलिंग ही आमच्या लेखी समजून घ्यायची गोष्ट नव्हती, सोसायची होती.

त्यामुळे हीच अक्षरं सुटी करून, हलवून, त्यांतून शब्द काढत बसणं ही कुणाची करमणूक असू शकते, हे आमच्या पिढीच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. जगात मात्र हा उद्योग जुना आहे. १९३० च्या दशकात, मंदीत नोकरी गेलेला आल्फ्रेड बट्स नावाचा एक अमेरिकन आर्किटेक्ट वर्तमानपत्रांच्या पानांवरची अक्षरं मोजत बसला. कुठलं अक्षर किती वेळा येतं, याचा त्याने हिशेब मांडला आणि त्यातून पुढे स्क्रॅबल हा खेळ झाला. सोंगट्या १००. त्यांत 'ई' एकटी १२ वेळा, आणि 'क्यू' व 'झेड' एकेकदाच, पण त्यांना दहा-दहा गुण. आवक कमी तर भाव जास्त, हा हिशेब हुमनाबादच्या कुठल्याही अडत्याला न सांगता कळेल. नोकरी गेलेल्या माणसाने अक्षरं मोजत बसावं हे आमच्याकडे घरच्यांनी खपवून घेतलं नसतं, ही गोष्ट वेगळी.

आमच्या घरात हा खेळ आणला भाचीने. ती हैदराबादला अकरावीत आहे. तिच्या मोबाइलमध्ये रोज सात अक्षरं येतात आणि त्यांतून जमतील तेवढे इंग्रजी शब्द काढायचे असतात. दिवाळीच्या सुट्टीत ती गावी आली आणि गावाने आपल्या पद्धतीने तिचं स्वागत केलं, म्हणजे नेटवर्क गेलं. थोडा वेळ तिने फोन खिडकीबाहेर धरून पाहिला. मग माजघरातल्या फडताळाचा खण उघडला. त्या खणात वर्षानुवर्षांच्या लग्नपत्रिका साठलेल्या असतात. त्यांवर देव छापलेले असतात म्हणून टाकवत नाहीत, आणि लग्नं कधीच लागून गेलेली असतात म्हणून उपयोगही नसतो. तिने कात्री घेतली, दहा चौकोन कापले आणि प्रत्येकाच्या कोऱ्या बाजूवर स्केचपेनने एकेक अक्षर काढलं. डी, यू, बी, ए, एल, जी, यू, एन, डी, आय. दुबलगुंडी. उलट्या बाजूला काय काय राहिलं होतं ते मी नंतर बघितलं. 'एन'च्या पाठीवर गणपतीची सोंड होती, 'जी'च्या पाठीवर 'आग्रहाचे'मधला 'ग्र', एका 'यू'मागे मुहूर्ताची मिनिटं आणि 'आय'मागे अर्धं कन्नड आडनाव.

"मामा, तुमच्या गावात दुबई आहे," ती म्हणाली.

"दुबईत गावची पोरं आहेत," मी म्हणालो. "उलट सांगतेस."

"नाही हो. बघा ना." तिने पहिली चार अक्षरं तशीच ठेवली, मधली पाच बाजूला सारली आणि शेवटचा 'आय' ओढून त्यांना जोडला. डी, यू, बी, ए, आय. क्रमसुद्धा बदलावा लागला नाही. इतकी वर्षं बसच्या पाटीवर, बँकेच्या पासबुकावर, रेशनकार्डावर हे नाव वाचत आलो. त्यात दुबई अशी ऐसपैस बसलेली असेल याची शंका आली नव्हती.

'दुबई' एवढा एकच शब्द स्वयंपाकघरात पोचला आणि आईने आतून विचारलं, "कोण आलंय गं दुबईहून? चहा टाकू का?"

मग आम्ही दोघंही जमिनीवर बैठक मारून बसलो. दुबईच्या पाठोपाठ डब्लिन निघालं, त्यापाठोपाठ बाली निघालं. पासपोर्ट नसलेल्या माणसाने एका दुपारी एवढं फिरावं म्हणजे खूपच झालं. नंतर लहान शब्दांची रास पडत गेली. 'लँड' म्हणजे जमीन. 'बंड' म्हणजे शेताचा बांध. हा तर आपल्याकडूनच इंग्रजीत गेलेला शब्द. 'गन' म्हणजे बंदूक. 'बेल' म्हणजे जामीन. एवढ्या चार शब्दांत तालुक्याच्या कोर्टातली अर्धी प्रकरणं आली, आणि नुसती आली नाहीत, ओळीने आली. (हे फक्त दुबलगुंडीचं नव्हे. बांध जिथे आहे तिथे पुढचं आपोआप येतं.) मी 'लॉ' शोधायला गेलो तर 'डब्ल्यू' नाही. 'कोर्ट'ला 'सी' नाही, 'ओ' नाही, 'आर' नाही, 'टी' नाही. 'डंग' मात्र आहे, शेण. त्याशिवाय गावाचं नाव पुरं झालंच नसतं.

'बाल्डिंग' निघाला तेव्हा भाचीने माझ्या डोक्याकडे बघितलं आणि अर्थ सांगितला नाही. डिक्शनरीत पाहिला. टक्कल पडत चाललेला.

सगळ्यात रंगला तो 'बिल्ड'. बांधणे. पाचही अक्षरं हजर. भाची म्हणाली आता 'बिल्डिंग' होईल, आठ अक्षरांचा मोठा शब्द. ती जुळवायला लागली. बी, यू, आय, एल, डी... आणि थांबली. 'बिल्डिंग'ला दोन 'आय' लागतात आणि दुबलगुंडीत 'आय' एकच आहे. एका आयमध्ये बिल्डिंग होत नाही, हे मला कुणी खेळातून शिकवायची गरज नव्हती. ते बँकेच्या गृहकर्ज विभागातल्या साहेबांनी मला पूर्वीच नीट समजावून सांगितलं होतं. गंमत म्हणजे बांधलेलं पाडायला, म्हणजे 'अनबिल्ड'ला, एकच आय पुरते. तो शब्द सातही अक्षरांनिशी पहिल्या झटक्यात जमला. 'इंडिया'लाही दोन आय लागतात, तेव्हा तोही गेला.

या खेळाचा एक कडक प्रकार असतो. त्यात सगळीच्या सगळी अक्षरं वापरायची, एकही उरवायचं नाही. भाचीने बराच वेळ सोंगट्या फिरवल्या आणि शेवटी दोन शब्द मांडले. 'लँग्विड' आणि 'बड'. सात आणि तीन, दहा. लँग्विड म्हणजे सुस्तावलेली, आळसटलेली. बड म्हणजे कळी. दुबलगुंडीची अक्षरं हलवली की सुस्तावलेली कळी मिळते! चैत्रातल्या दुपारी दोन वाजता आमच्या गावच्या वेशीपाशी कुणी उभं राहिलं, तर पहिला शब्द किती नेमका आहे ते त्याला पटेल. कळीचं मात्र मला अजून पटलेलं नाही.

पण एक गोष्ट मला खटकायला लागली होती. सोंगट्यांमध्ये दोन 'डी' होते आणि भाची कुठलाही 'डी' कुठेही लावत होती. तिच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. पण दुबलगुंडीतला पहिला 'डी' म्हणजे द आणि दुसरा 'डी' म्हणजे ड! एक दातांपाशी, एक टाळूपाशी. त्यांची अदलाबदल केली तर गावाचं नाव 'डुबलगुंदी' होईल, आणि अशा गावात कुणी मुलगी देणार नाही. इंग्रजीच्या पिशवीत शिरताना द आणि ड यांनी आपापली ओळख बाहेर काढून ठेवली होती. 'एन'चं तर विचारूच नका. आमच्याकडे तो म्हणजे 'गुं'च्या डोक्यावरचा एक ठिपका. त्याला इथे स्वतंत्र सोंगटी, स्वतंत्र जागा आणि स्क्रॅबलमध्ये एक गुणसुद्धा.

आपल्या अक्षरांना हा खेळ जमत नाही तो यामुळेच. आपलं अक्षर लेकुरवाळं. उकार, वेलांटी, अनुस्वार असं सगळं कडेवर घेऊन हिंडतं, एकटं म्हणून कुठे सापडत नाही. देवनागरीत दुबलगुंडीच्या सोंगट्या पाचच होतात: दु, ब, ल, गुं, डी. त्यांतून 'बल' निघतं आणि 'गुंडी' निघते, सदऱ्याची. (कन्नडमध्ये गुंडी म्हणजे सदऱ्याचीही आणि खड्डाही. गावच्या रस्त्याला दोन्हींपैकी एक अर्थ चांगला लागू पडतो.) दु आणि ब घेऊन दुबईला जावं तर 'ई' डीपासून सुटायला तयार नाही. मराठी शब्दकोडी सोडवणाऱ्यांना हे दुखणं ठाऊक आहे. आडव्या शब्दात 'वि' ऱ्हस्व हवी असते, उभ्यात तीच दीर्घ, आणि चौकोन एकच. तिथे आपण डोळे झाकतो. 'चिमा काय कामाची' हे वाक्य उलटसुलट सारखंच वाचता येतं असं आपण पोरांना कौतुकाने सांगतो. पण पुढून ऱ्हस्व असलेली चि मागून येईस्तोवर दीर्घ झालेली असते, हे सांगत नाही. चिमा वाटेत जरा थोराड होते, एवढंच.

म्हणून अक्षरांशी खेळण्यात आपण मागे होतो असं कुणी समजू नये. मोरोपंतांनी (१७२९-१७९४) रामायण लिहिलं, आणि एकदा लिहून त्यांचं समाधान झालं नाही. १०८ रामायणं हा आकडा त्यांच्या नावावर आहे, आणि त्यांतली कित्येक स्वतःलाच अटी घालून रचलेली. त्यांत एक निरोष्ठ रामायण आहे. निरोष्ठ म्हणजे ज्यांना ओठ लागतात ती अक्षरं वर्ज्य. प, फ, ब, भ, म यांना मज्जाव. आता म नाही म्हणजे 'राम' हेच नाव नाही. ज्याची गोष्ट सांगायची त्याचं नाव घ्यायचं नाही, आणि गोष्ट तर पुरी करायची! फ्रान्समध्ये जॉर्ज पेरेकने १९६९ मध्ये 'ई' हे अक्षर न वापरता अख्खी कादंबरी लिहिली तेव्हा जगाने तोंडात बोटं घातली. बारामतीचे पंत त्याच्या पावणेदोनशे वर्षं आधीच गेले होते.

पेरेकच्या त्या कादंबरीत दुबलगुंडी सुखाने राहू शकली असती, कारण आमच्या स्पेलिंगमध्ये 'ई' नाहीच. (उच्चारात शेवटी ई आहे, लिहिताना आय होतो. इंग्रजीशी वाद घालू नये.) पंतांकडे मात्र आमचं काय झालं असतं, हे मी एका रात्री झोप येईना तेव्हा तपासून पाहिलं. दुबलगुंडीत ब आहे, गेली. बीदर, ब, गेलं. भालकी, भ. बसवकल्याण, ब. हुमनाबादमध्ये म आणि ब दोन्ही, म्हणजे दुहेरी बंदी. नवे तालुके घेतले. चिटगुप्पात प आहे, तोही जोडाक्षरात. कमलनगरमध्ये म. उरले औराद आणि हुलसूर. मला वाटलं, चला, निदान दोघे तरी सुटले. पण व्याकरण सांगतं की उ ओठांचाच, आणि औ निम्मा कंठाचा, निम्मा ओठांचा. गेले दोघेही. आठ तालुक्यांचा अख्खा बीदर जिल्हा निरोष्ठ रामायणाच्या वेशीबाहेर! आमचा कुठलाही तालुका उच्चारायचा तर ओठ मिटावे लागतात, नाहीतर गोल करावे लागतात. पलीकडे निलंगा आणि नांदेड बिनदिक्कत आत जातात. सीमाभागावर अन्याय होतो म्हणतात त्यात हा एक नवा मुद्दा. निवेदनात घालायला हरकत नाही.

बीदरची मात्र आपली स्वतःची रीत होती, आणि ती पंतांच्याही आधीची. महमूद गवानाचा मदरसा आजही शहरात उभा आहे, उरलेल्या एका मनोऱ्यावरच्या निळ्या-हिरव्या फरशांसकट. फारसी-अरबी परंपरेत प्रत्येक अक्षराला किंमत असते. अलिफ एक, बे दोन, असं करत पार हजारापर्यंत. इमारत झाली की कवीला सांगायचं, असे शब्द शोध की ज्यांतल्या अक्षरांची बेरीज बांधकामाच्या सालाएवढी होईल. या मदरशासाठी कवीने कुराणातली, 'आमच्याकडून हे स्वीकार' अशा अर्थाची, एका दमात म्हणता येईल एवढी छोटी प्रार्थना शोधून काढली. तिच्या अक्षरांची बेरीज मी कागदावर करून पाहिली. ८७६ येते. हिजरी ८७६ म्हणजे इसवी सन १४७१-७२. अर्थ जुळला, प्रसंग जुळला आणि सालही जुळलं. भाचीच्या मोबाइलमध्ये याला किती गुण दिले असते कोण जाणे. तिला हे सांगितलं तर तिने विचारलं, "आणि शब्द सापडेपर्यंत इमारत पुढच्या वर्षात गेली तर?" प्रश्न रास्त आहे. आमच्याकडची सरकारी कामं बघितलेल्या पोरीलाच असा प्रश्न सुचणार.

बीदरच्या पाच इंग्रजी अक्षरांतून दोन शब्द निघतात. एक 'ब्रेड', पावाचा नव्हे, वेणीचा. आणि दुसरा 'रॅबिड', पिसाळलेला. एकाच जिल्ह्यात मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू असे पेड घातलेले असताना 'वेणी' निघावी, हे बरं वाटलं. पिसाळलेल्याचा उल्लेख मी घरी केला नाही. मग नादच लागला. हुमनाबादला हमरस्त्याच्या कडेच्या हॉटेलात चहा घेत बसलं की सोलापूर-हैदराबाद गाड्या जात राहतात आणि पाट्यांवरची गावं आपोआप उलटीपालटी होतात. लातूर हलवलं की 'अल्ट्रा', म्हणजे टोकाचं. बारावीच्या निकालाच्या दिवसांत लातूरकर हे नाकारणार नाहीत. सांगलीचा 'सिग्नल' होतो. अकोल्याचं चक्क 'कोआला' होतं, ऑस्ट्रेलियातलं ते झाडाला बिलगून झोपणारं. कराडमध्ये 'डकार' आहे, सेनेगलची राजधानी. निलंग्याचा 'अँजायनल' होतो, म्हणजे छातीतल्या कळेसंबंधीचा. तिथल्या डॉक्टरांना हे माहीत असेल का, कुणास ठाऊक. सोलापूर हलवलं की 'पार्लस' निघतो, म्हणजे धोक्याचं, बिकट. पण इंग्रजांच्या काळात सोलापूरच्या स्पेलिंगमध्ये एक 'एच' असायचा आणि तोवर हा शब्द निघत नव्हता. 'एच' गेला आणि धोका आला.

पाट्या संपल्या की नंबरप्लेटी. के ए ३८ बीदर, के ए ३९ भालकी, एम एच २४ लातूर, एम एच १३ सोलापूर. तेलंगणाने २०२४ मध्ये 'टी एस'चं 'टी जी' केलं, त्यामुळे त्यांच्या गाड्यांत जुनं अक्षर आणि नवं अक्षर दोन्ही पळतात. प्लेटवर शेवटी चार आकडे असतात. त्यांच्यासाठी देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५-१९८६) एक खेळ कायमचा देऊन गेले आहेत. चार आकडे घ्या, सगळे एकसारखे नसले म्हणजे झालं. मोठ्याकडून लहानाकडे मांडा, त्यातून लहानाकडून मोठ्याकडे मांडलेले वजा करा. जे येईल त्याचं पुन्हा तेच करा. फार तर सात वेळा करावं लागतं आणि ६१७४ येतो. आला की तिथेच थांबतो, पुढे कितीही करा, ६१७४ च. देवळालीत बसून केलेलं हे काम मार्टिन गार्डनरने १९७५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिलं तेव्हा परदेशात पोचलं. इथे बरेचसे लोक त्यांना आकड्यांचा नाद लागलेला मास्तर समजत होते.

एक दिवस समोरून १९५६ नंबरचा ट्रक गेला. सीमाभागातल्या माणसाला हा आकडा दिसला की चहा थोडा कडू होतो. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य मोडलं आणि निजामाच्या वेळचा बीदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात, जहीराबाद आणि नारायणखेड आंध्रात आणि बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात. मी रुमालावरच करून बघितलं. ९६५१ वजा १५६९, ८०८२. ८८२० वजा ०२८८, ८५३२. ८५३२ वजा २३५८, ६१७४. तीन फेऱ्यांत निकाल. प्रत्यक्षातला प्रश्न इतक्या वर्षांत कुठल्याच आकड्यावर येऊन थांबलेला नाही.

सीमा नेमकी कुठून जाते हे नकाशात बघायची गरज नसते. दहावी पास झालेल्याला विचारावं. तिकडे महाराष्ट्रात तो 'एसएससी' असतो आणि इकडे कर्नाटकात 'एसएसएलसी', आमच्या उच्चारात 'यसेसेल्सी'. मधला 'एल' लीव्हिंगचा, शाळा सोडल्याचा. निलंग्याचा पोरगा नुसता पास होतो, आमचा शाळा सोडल्याचं कबूलही करतो. सोयरिकीच्या बोलण्यात हा 'एल' कैकदा समजावून सांगावा लागतो. पलीकडच्या पाहुण्यांना वाटतं, मुलगी एखादा विषय जास्तीचा शिकली.

अक्षरांत माणसाला जे हवं ते सापडतं, हाच या खेळाचा धोका. गॅलिलिओने १६१० मध्ये शनीभोवती काहीतरी चमत्कारिक पाहिलं. दुसऱ्या कुणी श्रेय लाटू नये म्हणून त्याने आपलं लॅटिन वाक्य अक्षरं विस्कटून लांबलचक गिचमिडीत पाठवलं. केप्लरने ती गिचमिड मोठ्या खटपटीने सोडवली आणि त्याला उत्तर मिळालं: मंगळाला दोन चंद्र आहेत. गॅलिलिओ बोलत होता शनीबद्दल. पण १८७७ मध्ये मंगळाला खरोखरच दोन चंद्र सापडले! असलं काही ऐकलं की अंकशास्त्रवाल्यांना चेव येतो. आमच्या ओळखीच्या एका कापड दुकानदाराने कुणाच्या तरी सांगण्यावरून दुकानाच्या नावात एक 'ए' जास्त घातला. नवी पाटी केली, पावतीपुस्तकं नव्याने छापली, शिक्के बदलले. धंदा होता तिथेच राहिला. भाचीला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "आय वाढवायचा ना, ए कशाला वाढवला?"

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी ती पुन्हा त्या दहा सोंगट्या घेऊन ओट्यावर बसली. डब्लिन काढून झाल्यावर उरलेल्या चार अक्षरांकडे आम्ही त्या दिवशी लक्षच दिलं नव्हतं. जी, ए, यू, डी. तिने ती ओळीत मांडली आणि हसायला लागली. 'गॉड' असा एक जुना इंग्रजी शब्द आहे, दिखाऊ दागिना या अर्थाचा, पण आमच्या बाजूचा कुणीही ती चार अक्षरं 'गौड' अशीच वाचेल. कर्नाटकात गावच्या पाटलाला गौड म्हणतात. म्हणजे दुबलगुंडीची दहाच्या दहा अक्षरं वापरून, एकही न उरवता, तयार होतो तो 'डब्लिन गौड'. डब्लिनचा पाटील!

शेजारचे थोरले काका भिंतीला टेकून अडकित्त्याने सुपारी कातरत होते. त्यांच्या घरात दोन पिढ्यांमागे गौडकी होती, तेव्हा ते सरसावून बसले. "हे डब्लिन कुठं आलं?"

"आयर्लंडात, आजोबा. इंग्लंडच्या पलीकडे."

"पाऊस किती तिथं?"

नेटवर्क आलं होतं. तिने बघून सांगितलं, वर्षाला साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास.

"म्हणजे आपल्याहून कमीच की."

"पण तिथे बाराही महिने पडतो. थोडा थोडा. भुरभुर."

काकांनी सुपारी तोंडात टाकली, थोडा विचार केला आणि मान हलवली. "बारा महिने ओल म्हणजे तुरीला मर लागणार. मुळं कुजतील. तसली गौडकी घेऊन करायचं काय बाई? दुसरं काही निघतंय का बघ त्याच्यातनं."